मुलूखमैदान तोफेचे स्थलांतर आणि मित्रराज्याच्या साहाय्याचा प्रश्न

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाचे क्षेत्र म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. दक्षिणेतील सुलतानशाह्यांच्या इतिहासात मात्र या परिसराचे महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. सोनारीहून जवळ असलेला परंड्याचा भुईकोट हा अहमदनगर, विजापूर व पुढे मोगल या तीन सत्तांच्या सीमेवरील किल्ला होता. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहास गादीवर बसवून निजामशाहीचा कारभार येथूनच पुन्हा सुरू केला. १६३१ व १६३४ या दोन वर्षी मोगल फौजांनी परंड्यास वेढा दिला. या दोन वेढ्यांच्या मधल्या काळात, १६३२ मध्ये, दक्षिणेतील सर्वांत प्रसिद्ध तोफ या किल्ल्यातून निघून विजापुरास गेली.

या स्थलांतराची नोंद बहुधा एक नवल म्हणून केली जाते. एवढी प्रचंड तोफ ओढून नेली कशी, या प्रश्नातच वाचकाचे कुतूहल संपते. वस्तुतः अधिक महत्त्वाचा प्रश्न ती कोणत्या दिशेस नेली हा आहे. मोगलांशी झुंजणारी निजामशाही त्या वेळी आदिलशाहीची मित्र होती आणि तिची निर्वाणीची लढाई उत्तरेस दौलताबादेच्या बाजूस व्हायची होती. तोफ गेली ती दक्षिणेस, मित्राच्या राजधानीकडे. युद्धात गुंतलेल्या मित्रास भारी शस्त्रबळ द्यावे की नाही, या विषयी आदिलशाही दरबारात जी दोलायमान वृत्ती दिसून येते, तिचा अर्थ लावण्यास या प्रवासाचे साहाय्य होते.

तोफ आणि तिचे वजन

मलिक-इ-मैदान, मराठीतील मुलूखमैदान, ही तोफ पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या कारकीर्दीत १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली. ओतणाऱ्या कारागिराचे नाव मुहंमद रूमी. रूमी या उपपदावरून तुर्की तोफविद्येचा दख्खनशी असलेला संबंध स्पष्ट होतो. तोफेची लांबी १४ फूट ४ इंच, तोंडाच्या पोकळीचा व्यास २ फूट ४ इंच व वजन सुमारे ५५ टन आहे. हत्तीस गिळणाऱ्या श्वापदाच्या जबड्याचा आकार तिच्या मुखास दिलेला आहे. मराठी भाषेने या तोफेची एक स्वतंत्र आठवण जपली आहे. सभा दणाणून सोडणाऱ्या वक्त्यास मुलूखमैदान तोफ म्हणण्याचा प्रघात आजही चालू आहे.

अशा तोफेचे सामर्थ्य व दुर्बलता या दोहोंचे मूळ तिच्या वजनात असते. उंटावरील सुतरनाळ किंवा हत्तीवरील गजनाळ फौजेबरोबर चालते व फौजेबरोबरच परतते. तिच्याविषयीचा निर्णय सरदार रणांगणावर घेऊ शकतो. पन्नास टनांहून जड तोफेविषयी तसे करता येत नाही. मुलूखमैदान हलविण्यास दहा हत्ती, चारशे बैल व शेकडो माणसे लागली, असे परंपरा सांगते. हे आकडे परंपरेचे आहेत. तथापि ओझे पाहता ते अशक्य वाटत नाहीत. वाटेत नदी आली की उतार शोधावा लागतो, पावसाळा आला की काम थांबते, आणि बैलांना रोज वैरण लागते. सारांश, अशी तोफ द्यावयाची तर निर्णय काही महिने आधी व्हावा लागतो, आणि एकदा दिली की ती परत मिळण्याची आशा सोडावी लागते. हलक्या शस्त्रांच्या बाबतीत न उद्भवणारा राजकीय संकोच येथे उद्भवतो तो यामुळेच.

सोलापूरचे मोल

अहमदनगर व विजापूर यांच्या मैत्रीस एक जुने दुखणे जडलेले होते. १५२४ मध्ये बुऱ्हाण निजामशहाचा विवाह विजापूरच्या राजकन्येशी झाला, त्या वेळी सोलापूर आंदण देण्याचे ठरले होते. ते मिळाले नाही व त्यावरून युद्ध जुंपले. विजयनगरविरुद्ध एकजूट करताना हुसेन निजामशहाने आपली कन्या चांदबीबी अली आदिलशहास दिली आणि सोलापूर आंदण म्हणून सोडले. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखान्याने मध्यभाग सांभाळून निर्णायक कामगिरी बजावली. मुलूखमैदानही त्या रणांगणी होती, अशी आख्यायिका आहे. ती बाजूस ठेवली तरी दख्खनच्या सुलतानांनी आपले शस्त्रबळ एका कार्यास लावले, तो प्रसंग हाच, यात शंका नाही. विजयनगरचे भय संपताच ही एकजूट विरली. मलिक अंबरने भातवडीच्या विजयानंतर १६२५ मध्ये सोलापूर पुन्हा घेतले. या देवघेवीत दोन्ही दरबारांच्या अंगी एक सवय बाणली होती. मैत्रीचा विचार निघाला की प्रथम तिच्या किमतीचा विचार व्हावयाचा.

१६३० मध्ये शहाजहान स्वतः बऱ्हाणपुरास येऊन बसला आणि निजामशाहीवर मोगल फौजा सुटल्या, त्या वेळी याच सवयीचे फळ दिसून आले. विजापुरात मुहंमद आदिलशहा गादीवर येऊन तीनच वर्षे झाली होती. दरबारात दोन पक्ष होते. मुस्तफाखानाचा कल मोगलांशी समेट करण्याकडे होता. खवासखान व त्याचा आश्रित मुरार जगदेव यांचा कल प्रतिकाराकडे होता. निजामशाहीच्या विरोधात साहाय्य केल्यास धारूर आदी किल्ले व निजामशाही मुलखाचा वाटा देऊ, असे आमिष मोगलांनी विजापुरास दाखविले होते. आदिलशाही सेनापती रणदुल्लाखान सीमेवर फौज घेऊन उभा होता, परंतु तो कोणाच्या बाजूने उभा आहे हे बराच काळ ठरले नाही.

१६३१ च्या आरंभी मोगल सेनापती आझमखान याने धारूर घेतले. रणदुल्लाखानाने वचनाप्रमाणे किल्ल्याची मागणी केली. वेळेवर मदत केली नाही, सबब किल्ला मिळणार नाही, असे त्यास उत्तर मिळाले. दोन्ही बाजूंना हात राखून वागणाऱ्याच्या वाट्यास येणारे हे उत्तर होते. यानंतर निजामशाहीने सोलापूर देऊ केले आणि विजापूरचे पारडे तिच्या बाजूस झुकले. म्हणजे मैत्री जुळली ती धारूर पडल्यावर आणि मोगलांकडून लाभ होत नाही अशी खात्री पटल्यावर.

आझमखान तेथून परंड्यावर आला. त्याने पेठ घेतली, परंतु किल्ला घेणे त्यास साधले नाही. तोफांच्या माऱ्यापेक्षाही वैरणीच्या टंचाईने त्याचा वेढा उठविला. हे वर्ष दख्खनमधील भीषण दुष्काळाचे होते. याच दुष्काळाची झळ देहूस तुकोबांच्या घरास लागली होती. परंड्याभोवती कित्येक कोस जनावरांना घालण्यास चारा उरला नव्हता. सोनारीसारखी गावे याच परिघात येतात. दरबारातील खलबते लांबत गेली, त्या काळात आधी दुष्काळ व मागून तीन सत्तांच्या फौजा या मुलखाने सोसल्या, ही गोष्ट राजकीय इतिहास लिहिताना सहसा ध्यानात घेतली जात नाही.

१६३२

१६३२ च्या प्रारंभी दोन घटना घडल्या. आसफखानाच्या हाताखालील मोगल फौजेने प्रत्यक्ष विजापुरास वेढा घातला व रसद संपल्याने तो तिला उठवावा लागला. तिकडे दौलताबादेस मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान याने मुर्तजा निजामशहास ठार करून हुसेन या अल्पवयी मुलास गादीवर बसविले आणि मोगलांचे स्वामित्व पत्करले. निजामशाहीचे केंद्र असे कोसळताच परंड्याचा किल्ला विजापूरच्या ताब्यात गेला. त्याच वर्षी मुरार जगदेवाने मुलूखमैदान तेथून काढून, भीमा ओलांडून, सुमारे शंभर मैलांवरील विजापुरास नेली. पुढे तुळापूर येथे हत्तीची तुला नावेच्या साहाय्याने केली गेली, अशी ज्याच्याविषयी आख्यायिका आहे तो मुरारपंत हाच.

या निर्णयाची आदिलशाहीच्या दृष्टीने असलेली बाजू न्यायाने मांडणे आवश्यक आहे. विजापूर नुकतेच वेढ्यातून सुटले होते व राजधानीच्या तटास भारी तोफेची गरज होती. परंडा पुन्हा वेढला जाणार हे उघड होते, आणि तो पडता तर तोफ शत्रूच्या हाती जाऊन विजापूरवरच रोखली गेली असती. निजामशाहीत ज्याच्या हाती ती सोपवावी असा भरवशाचा धनी उरला नव्हता. फत्तेखान त्या वर्षी मोगलांकडे होता, पुढच्या वर्षी कोठे असेल हे सांगता येत नव्हते. ही सर्व कारणे खरी होती. मित्रास भारी शस्त्र देताना अशी कारणे नेहमीच खरी असतात. प्रश्न एवढाच की ती मोजली जात असताना न देण्याची किंमतही त्याच तराजूत घातली जाते की नाही.

ती घातली गेली नाही, हे पुढील वर्षी दिसले. १६३३ मध्ये फत्तेखानाने पुन्हा बाजू बदलून विजापूरशी संधान बांधले. पैसा व धान्य पुरविण्याचे वचन त्यास मिळाले. परंतु तोवर महाबतखान दौलताबादेस पोहोचला होता. रणदुल्लाखान, मुरार जगदेव व शहाजी राजे यांनी बाहेरून मोगलांवर छापे घातले व किल्ल्यात धान्य पोहोचविण्याचे प्रयत्न केले. ते अपुरे पडले. सुरुंगांनी तट फोडला, आतील माणसे उपासमारीने खंगली आणि १६३३ च्या जूनमध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले. हुसेन निजामशहा कैद झाला.

मुलूखमैदान परंड्यातच असती तर दौलताबाद वाचले असते, असा निष्कर्ष येथे काढता येणार नाही. वेढ्यातील किल्ल्यास त्या वेळी तोफेपेक्षा धान्याची निकड अधिक होती. तोफेचा प्रवास कारण म्हणून नव्हे, तर खूण म्हणून महत्त्वाचा आहे. शेकडो बैलांचे बळ एकत्र करण्याची कुवत, त्यासाठी लागणारा पैसा व एक कर्तबगार अधिकारी आदिलशाहीपाशी दुष्काळाच्या दिवसांतही होता, हे १६३२ मध्ये सिद्ध झाले. हेच बळ वर्षभर आधी मित्राच्या रक्षणास लागले नाही, कारण ते लावावे की नाही हे ठरत नव्हते.

याचा प्रत्यय १६३४ मध्ये आला. त्या वर्षाच्या पूर्वार्धात शहाजादा शुजा व महाबतखान यांनी परंड्यास वेढा दिला. मुलूखमैदान तेथे नव्हती. तरीही किल्ला पडला नाही. आदिलशाही फौज तत्परतेने धावून आली, मोगलांच्या वैरणीच्या तुकड्या तिने कापून काढल्या, मोगल सरदारांत कलह माजला आणि पावसाळ्याच्या तोंडावर शहाजाद्यास परतावे लागले. १६३१ ते १६३४ या काळात आदिलशाहीचे सेनापती तेच होते, शत्रू तोच होता व मुलूखही तोच होता. पालटले होते ते एवढेच की परंडा आता मित्राचा नसून स्वतःचा झाला होता. स्वतःच्या किल्ल्यासाठी जो निर्णय तत्काळ झाला, तोच मित्राच्या किल्ल्यासाठी वर्षानुवर्षे झाला नव्हता.

कोकणातील प्रतिरूप

हा प्रश्न केवळ दख्खनी सुलतानांचा नव्हता. पुढील पिढीत तो कोकणपट्टीवर निराळ्या स्वरूपात उभा राहिला. तेथे शस्त्र देणारा पक्ष व्यापारी होता. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला असता राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याने फारसा विचार न करता उखळी तोफ व दारूगोळा घेऊन वेढ्यात भाग घेतला. याचा परिणाम १६६१ मध्ये दिसला. शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली व रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकले. त्यांची सुटका १६६३ मध्ये झाली, आणि नुकसानभरपाईची बोलणी १६७४ च्या तहापर्यंत रेंगाळली.

या अनुभवाने शहाणे झालेले इंग्रज १६७१ मध्ये विरुद्ध टोकास गेले. दंडाराजपुरी व जंजिरा यांवरील मोहिमेसाठी महाराजांनी मुंबईकर इंग्रजांकडे उखळी तोफा, हातगोळे व दारूगोळा मागितला. त्या वेळी सुरतेच्या वखारीत जेराल्ड आँजिअर हा अध्यक्ष होता. सुरतेहून मुंबईस गेलेल्या आदेशाचा आशय असा होता की, या वस्तू देण्याचे निश्चित वचन देऊ नये आणि स्पष्ट नकारही देऊ नये. दंडाराजपुरी महाराजांच्या ताब्यात जाणे मुंबई बंदरास उपद्रवकारक ठरेल. उलट नकार दिल्यास राजापूरची भरपाई व व्यापारी सवलती यांचा तह अडेल. आशेवर ठेवल्याने तो लवकर होईल. सिद्दी मोगलांच्या चाकरीत शिरल्याने सुरतेच्या व्यापाराची काळजीही त्यांना होतीच. विजापूरच्या दरबारात अनिश्चय हे दुर्बलतेचे लक्षण होते. येथे तो विचारपूर्वक स्वीकारलेले धोरण बनला होता.

धोरण म्हणून ते काही काळ फळले. १६७४ मध्ये रायगडावर तह झाला. परंतु ज्यास टोलवत ठेवले त्याने वाट पाहात बसावे, असा नियम नाही. महाराजांनी फ्रेंचांकडून तोफा खरेदी केल्या, जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभारला, आणि १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडावरील खांदेरी बेटाची तटबंदी सुरू केली. जंजिरा अखेरपर्यंत महाराजांच्या हाती आला नाही, हे खरे. परंतु शेजाऱ्याच्या बळाची जी भीती इंग्रजांना दंडाराजपुरीविषयी वाटत होती, ती त्यांच्या अगदी उंबरठ्याशी येऊन उभी राहिली आणि त्याच वर्षी खांदेरीच्या पाण्यात त्यांना मराठी आरमाराशी लढावे लागले.

निष्कर्ष

या प्रसंगांतून भारी शस्त्रांच्या साहाय्यासंबंधी तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, देणाऱ्याच्या मनातील भीती बहुधा निराधार नसते. शस्त्र शत्रूच्या हाती पडेल, मित्र उद्या बाजू बदलेल, तिसरा प्रबळ पक्ष कोपेल, या तिन्ही शक्यता १६३२ मध्ये व १६७१ मध्ये वास्तविक होत्या. दुसरी, अनिश्चयाचा काळ रिकामा जात नाही. त्या काळात शत्रू किल्ला घेतो, मित्राचे राज्य आतून ढासळते किंवा मित्र दुसरा विक्रेता शोधतो, आणि अखेर होणारा निर्णय मूळ परिस्थितीस लागू पडत नाही. तिसरी, शस्त्र जितके जड तितका निर्णय आधी व्हावा लागतो. राजकारणात मात्र नेमके उलट घडते. हलक्या मदतीचा निर्णय चटकन होतो आणि जड मदतीचा सर्वांत शेवटी.

यंत्रयुगानेही हा क्रम पालटलेला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली. जर्मनीने लेपर्ड रणगाडे देण्याचा निर्णय २५ जानेवारी २०२३ रोजी जाहीर केला व त्याच दिवशी अमेरिकेने ३१ एब्रॅम्स रणगाडे देण्याचे घोषित केले. मधल्या अकरा महिन्यांत, एकट्याने पुढे होऊन रशियाचा रोष ओढवून घेऊ नये, हा विचार प्रबळ होता. जर्मन बनावटीचे रणगाडे बाळगणाऱ्या इतर राष्ट्रांनाही ते युक्रेनला देण्यासाठी जर्मनीची अनुमती लागत असल्याने एका राजधानीतील संकोच अनेक राजधान्यांचा संकोच झाला. त्या संकोचाची कारणे समजण्यासारखी होती. तोवर युद्धभूमीवर मात्र खंदक खोदले जात होते व सुरुंग पेरले जात होते. परिस्थितींतील अंतर मोठे असले तरी देणाऱ्याचे घड्याळ व लढणाऱ्याचे घड्याळ निरनिराळ्या गतीने चालते, हे साम्य लक्षणीय आहे.

मुलूखमैदान राखून आदिलशाहीने काय मिळविले, याचा हिशेब शेवटी करावयास हवा. तोफ नेणारा मुरार जगदेव व त्याचा आश्रयदाता खवासखान हे दोघेही १६३५ मध्ये दरबारी सत्तास्पर्धेत मारले गेले. १६३६ च्या तहाने निजामशाहीची वाटणी झाली. परंडा व सोलापूर विजापूरकडे राहिले, परंतु वीस लक्ष रुपये पेशकश देऊन मोगलांचे श्रेष्ठत्व मान्य करावे लागले. मोगल व विजापूर यांच्यामध्ये जे राज्य बांधासारखे उभे होते ते उरले नाही. १६६० मध्ये परंडा किल्लेदाराच्या फितुरीने, लढाईशिवाय, मोगलांना मिळाला. १६८६ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर विजापूर पडले, तेव्हा मुलूखमैदान तटावरच होती. औरंगजेबाने तिच्यावर आपल्या विजयाचा लेख कोरविला. बुऱ्हाण निजामशहाच्या काळातील लेखाशेजारी तो आजही वाचता येतो. १८५४ मध्ये तोफ लिलावास काढण्यात आली, त्या वेळी दीडशे रुपयांहून अधिक बोली आली नाही व विक्री रहित झाली.

ज्या परंड्यातून ती निघाली त्याच्या बुरुजांवर इतर तोफा अजून आहेत. दोन वेढ्यांची वैरण ज्या शिवारांतून गेली ती सोनारीच्या आसपासची गावेही तेथेच आहेत. दख्खनच्या या युद्धांचा अभ्यास करताना तोफांच्या लांबीरुंदीबरोबरच त्या कोणत्या महिन्यात, कोणाच्या आज्ञेने व कोणत्या दिशेस हलल्या, आणि त्या आज्ञेची वाट कोणी किती काळ पाहिली, हे नोंदविले पाहिजे. मैत्रीच्या तहांत दरबारांनी जे लिहिले त्यापेक्षा त्यांचे खरे मत या नोंदींतून अधिक विश्वसनीयपणे कळते.